हाली रुपयाचें लहान अक्षर

देगलूरच्या जुन्या घरांतून लग्नकार्य निघालें म्हणजे माळ्यावरचा डबा खालीं येतो. त्यांतले रुपये सराफाच्या तराजूंत पडतात, तोळ्यावर मोल ठरतें आणि मग त्यांचा मुशींत रस होतो. यांत सराफाचें कांहीं चुकत नाहीं. चांदीच्या भावाला सारे रुपये सारखेच. पण डब्यांतले सारे रुपये सारखे नसतात, आणि हा भेद एकदां वितळला कीं पुन्हां हातीं लागत नाहीं.

देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. संस्थानच्या नाण्याला हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे चालू. १९११ च्या सुमाराचा हाली रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा, शेंकडा ८१.८ चांदीचा, इंग्रजी कलदार ११.६६ ग्रॅमचा, शेंकडा ९१.७ चांदीचा. म्हणून सात हालींस सहा कलदार हा हिशेब बसे. १९५० मध्यें भारतीय रुपया आला, १९५९ मध्यें हाली चलनांतून गेला, आणि डब्यांत राहिला.

या रुपयावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून चारमिनारचें चित्र आहे. चित्रांतल्या दारांत एक फारसी अक्षर असतें. महबूब अली खान यांच्या रुपयावर तें 'मीम', तर १९११ मध्यें गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांच्या रुपयावर 'ऐन'. मौज अशी कीं उस्मान अलींच्या अगदीं आरंभीच्या रुपयांवर हें ऐन लहान व अपुरें आहे. पुढें तें पूर्ण झालें. संग्राहक हे दोन प्रकार निराळे मानतात.

येथेंच नजर फसते. झिजलेल्या रुपयावर अपुरें अक्षर दिसलें कीं तें झिजलें असावें, असेंच कोणालाही वाटेल. त्याची परीक्षा शेजारच्या रेषांनीं करावी. मिनार, कमान आणि भोंवतालचीं अक्षरें सपाट झालीं असतील, तर ऐनही झिजलें असण्याचा संभव मोठा. तीं रेखीव असून ऐनच तेवढें लहान असेल, तर तें ठशांतूनच तसें उतरलें आहे. मग साल वाचावें. फारसी अंकांत शून्य हा नुसता टिंब. तो पुसला कीं १३३० चे १३३ दिसतात. दोन आणि तीन यांत एका दांत्याचा फरक. तो झिजला कीं एक वर्ष दुसऱ्यांत मिसळतें. हिजरी सनाबरोबर कारकीर्दीचें वर्षही असतें. एकाचा दुसऱ्याशीं ताळा घालावा.

टांकसाळींतली चूक आणि नंतरची इजा यांतही असाच विवेक हवा. चकती ठशाखालीं सरकली तर एका कडेला कोरी कोर राहते. आधींचें नाणें ठशाला चिकटून राहिलें आणि त्यावरच पुढची चकती ठोकली गेली, तर तिच्या एका अंगाला दुसऱ्या अंगाचेंच चित्र उलटें व खोलगट उमटतें. या खऱ्या चुका, आणि संग्राहक त्या शोधीत असतात. सराफानें पारखतांना मारलेली छिन्नीची खूण, हारासाठीं डाखलेल्या कडीचा डाग किंवा पाडलेलें भोंक या चुका नव्हेत. त्यांनीं मोल घटतेंच.

घरोघरीं होणारा अपराध मात्र निराळाच आहे. दाखविण्यापूर्वीं रुपया राखेनें किंवा चिंचेनें घासून लखलखीत करण्यांत येतो. त्या घासण्यांत काळपटपणाबरोबर उरलीसुरली रेषाही जाते, आणि जो पुरावा शंभर वर्षांच्या हाताळणींतून वांचला तो एका दुपारीं नाहींसा होतो.

तेव्हां डबा खालीं आला कीं सराफाकडे जाण्यापूर्वीं रुपये खिडकीशीं मऊ फडक्यावर पसरावे. नाणें कडेनें धरावें, तिरप्या उजेडांत फिरवावें आणि भिंग घेऊन आधीं दार पाहावें. मीमचे एकीकडे, ऐनचे दुसरीकडे, आणि लहान ऐनचा एखादा निघालाच तर तो निराळा. बाकीचे खुशाल तराजूंत घालावे.