निवृत्त यंत्रांची निरवानिरव



विषय ऐकून काहींना वाटले असेल की, मोडीत निघालेल्या संगणकावर व्याख्यान ते काय द्यावयाचे? भंगारवाल्याला हाक मारली की झाले! परंतु जुने जाते आणि जुना संगणक यांत मोठा फरक आहे. जाते विकले म्हणजे गेले. संगणक विकला तरी त्यातील मजकुराच्या नकला मागे उरतात, आणि त्यांचे काय करावयाचे हे कोणी तरी ठरवावेच लागते.

प्रथम व्यवस्था पाहू. कचेरीतील, बँकेतील किंवा पतपेढीतील संगणक एका जाळ्यात जोडलेले असतात. रोज रात्री एक मुख्य संगणक प्रत्येकाकडून, दिवसभरात जे बदलले त्याची नक्कल उतरून घेतो. यालाच बॅकअप म्हणतात. त्याच्यापाशी दोन वस्तू असतात : नकला, आणि कोणती नक्कल कोठे आहे हे सांगणारी सूची. सूची गेली तर नकला असून नसल्यासारख्याच.

यंत्र निवृत्त झाले की दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. पहिला आळसाचा. यंत्र गेले, पण त्याचे नाव रात्रीच्या हजेरीपटावर राहिले. मुख्य संगणक रोज हाक मारतो, ओ येत नाही, आणि सकाळी तांबडी खूण दिसते. महिन्याभरात ती डोळ्यांच्या सवयीची होते. मग एके रात्री चालू यंत्राची नक्कल चुकते, तीही तांबडी खूण कोणी पाहत नाही! दुसरा अनर्थ उत्साहाचा. कोणी तरी यादी स्वच्छ करावयास बसतो आणि नाव पुसतो. कित्येक व्यवस्थांत नावाबरोबर सूची जाते, आणि पुढे नकलाही जातात.

नकलांचे मोल किती, हे पाहावयास लांब जावयास नको. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या संकेतांची सांगड घालणारी जुनी यंत्रणा जाऊन २०१०च्या सुमारास संगणकांवर चालणारी नवी आली. पुढे तीही बदलली. २०१० ते २०१२ या काळात घेतलेल्या निरीक्षणांवर ह्युब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या रीतीने पुन्हा संस्कार केले, आणि २०१७ साली आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचा नकाशा व सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध केली. मूळ निरीक्षणे जपलेली होती म्हणूनच हे घडले. यंत्राचे आयुष्य वेगळे, त्याने टिपलेल्या मजकुराचे वेगळे.

तेव्हा निरवानिरव क्रमाने करावी. प्रथम त्या यंत्रावर कोणाचे काय अवलंबून आहे ते विचारावे व अखेरची संपूर्ण नक्कल घ्यावी. ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून चार कागद उघडून पाहावेत. जी नक्कल उघडून पाहिली नाही, ती आहे असे समजू नये. कुलूपबंद नकलांचा पासवर्ड दोन जबाबदार माणसांपाशी असावा. मग यंत्राचे नाव रात्रीच्या हजेरीतून काढावे, सूचीतून मात्र काढू नये. तेथे ‘निवृत्त’ असा शेरा, तारीख, आणि नकला कधीपर्यंत ठेवावयाच्या ती मुदत लिहावी. त्या यंत्राचे जाळ्यात शिरण्याचे परवाने रद्द करावेत. त्यानंतरच डिस्क नीट पुसावी किंवा फोडावी, कारण फाइली नुसत्या काढून टाकल्याने मजकूर जात नाही. सांगाडा अधिकृत ई-कचरा प्रक्रिया करणाराकडेच द्यावा. मुदत भरल्यावर दोघांच्या सहीने नकला नष्ट कराव्यात. आणि जुने नाव नव्या यंत्राला देऊ नये. दोघांचा मजकूर एकात एक मिसळतो.

शेजारच्या तालुक्याकडे पाहा. आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, कचेऱ्या घोडेगावी आहेत, तरी तालुका आंबेगावच म्हणवतो. बुडालेल्या गावच्या कुटुंबाला आपली जुनी जमीन दाखवावयाची तर त्याच नावाचे दप्तर उघडावे लागते. गाव गेले म्हणून दप्तर जाळले असते, तर त्या माणसांनी कोणाकडे पाहावयाचे? आपल्या पतपेढीच्या आणि शाळेच्या संगणकांतही अशाच कोणाची ठेव, कोणाचा दाखला असतो. यंत्राला निरोप देताना त्या माणसाची आठवण ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.