दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात समाजभवनाच्या पटांगणात केलेलं भाषण. बोलताना जे आलं ते बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही या ले-आउटमध्ये आलो तेव्हा रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीत चपला रुतायच्या, त्या हातात धरून घर गाठायचं. पण या आठवणी माझ्या आधीच्यांनी सांगून झाल्या. सचिव भाऊ म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी वर्षं शाळेत होता, मुलांबद्दल दोन शब्द बोला." दोन शब्दांत मावणार नाही. आणि शेवटी मी तुमच्याकडून काहीतरी मागणार आहे, तेही आताच सांगून ठेवते, नाहीतर फसवलं म्हणाल.

लेकरांनो, मी म्हटलं 'चित्र काढा', तर काय काढाल? पाहा, सगळे हसताहेत. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, डोंगरातून येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. चार आकड्यासारखे पक्षी. बरोबर ना?

आता मला सांगा, आपल्या वर्ध्यात दोन डोंगरांमधून सूर्य कुठे उगवतो? आपल्याकडे तो तुरीच्या शेतामागून नाहीतर जिनिंगच्या शेडमागून येतो. आणि झोपडीला टेकलेला नारळ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला? मग हे चित्र आलं कुठून? मी सांगते. ते माझ्यासारख्या बाईनं फळ्यावर काढलं आणि म्हटलं, 'हे पाहून काढा.' तीस वर्षं काढलं. तुमच्या आईबाबांनाही कोणीतरी तेच काढून दिलं होतं, म्हणून ते घरी तुम्हाला तेच शिकवतात.

माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी होती. नाव सांगत नाही, आता तिचीही लेकरं मोठी असतील. दिवाळीनंतरचे दिवस, कापूस निघत होता. मी फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं आणि वह्या तपासायला बसले. तिनं डोंगर काढलेच नाहीत. तिनं बंडी काढली. बैल पानाच्या कोपऱ्यात, बोटाएवढे, आणि बंडीवरचा कापूस एवढा मोठा की पानाबाहेर जाऊ पाहत होता. बाजूचं आभाळ, रस्ता, बैल सगळं रंगवलं होतं, फक्त मधला कापूस कोरा सोडला होता.

मी दहापैकी तीन गुण दिले. खाली लाल शाईनं लिहिलं: 'विषय सोडून. प्रमाण चुकले. रंग अपूर्ण.'

ती टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, कापूस पांढराच रायते ना." मी म्हटलं, "बस जागेवर."

तिचे वडील त्या आठवड्यात कापूस घेऊन केंद्रावर रांगेत दोन रात्री बसले होते, हे मला नंतर कळलं. तिच्या घरात त्या दिवसांत कापूस खरंच बैलांपेक्षा मोठा होता. पुढच्या शनिवारी तिनं दोन डोंगर काढले, मधून सूर्य. मी नऊ गुण दिले. चौथी संपेपर्यंत ती डोंगरच काढत राहिली. मला वाटत होतं, पोरगी सुधारली.

चूक झाली हे कळायला बरीच वर्षं गेली. आणि कळलं ते कुठून, तर आपल्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवरून. सेवाग्रामला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, बापू कुटी दाखवतो, मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठवलेली झाडं दाखवतो आणि परत येतो. पण तिथे मुलांची एक शाळाही होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामचं काम आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्यानं सांभाळलं. समितीनं आखलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटं होती. चित्रकलेला किती? संगीत, चित्रकला आणि गणित, तिन्ही मिळून ४० मिनिटं. म्हणजे आमचा तास तेव्हाही तोकडाच होता! आमच्या वेळी तो शिष्यवृत्तीच्या सरावाला जायचा, एवढाच फरक.

पण १९४४ साली तिथे देवी प्रसाद आले. मूळचे देहरादूनचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, वय जेमतेम २३. ते १९६२ पर्यंत सेवाग्रामला राहिले. मुलांना चित्रं काढू दिली, स्वतः मातीची भांडी घडवली. त्या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९९८ मध्ये इंग्रजीत काढलं, हिंदीतही आहे. मला ते एका प्रशिक्षणात हाती लागलं. मोठ्यांचं चित्र मुलावर लादू नये, नक्कल करायला लावू नये, चित्र ही मुलाची स्वतःची भाषा आहे, असं सांगणारं ते पुस्तक वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती कोरी सोडलेली कापसाची बंडी आली. त्या रात्री झोप लागली नाही, हे खोटं नाही सांगत.

टकळीचं आणि चित्राचं गणित वेगळं आहे, हेही तेव्हा उमगलं. सूत कच्चं आलं तर बाईनं कच्चंच म्हणायला हवं, कारण ते तुटणार. पण कापूस केवढा काढायचा हे ज्याच्या घरी कापूस आहे त्यानं ठरवायचं. सेवाग्रामच्या एकाच शाळेत दोन्ही होतं. मी मात्र चित्रालाही टकळीचाच नियम लावत होते.

मग मी वर्गात बदल केला. 'काढा काहीही' म्हणून खुर्चीत बसले असं नाही. तसं केलं तर गोंधळच होतो, आणि पालक म्हणतात त्यात तथ्य आहे. पहिल्या शनिवारी फळा पुसून म्हटलं, "आज तुम्ही ठरवा." चाळीस पोरं, आणि एकच प्रश्न: "बाई, काय काढू?" पाऊण वर्गानं डोंगर काढले. दुसऱ्या शनिवारीही डोंगर. मला रडू यायचं बाकी होतं.

तिसऱ्या वेळी विषय दिला नाही, पण सामान मोजकंच ठेवलं. एका टेबलावर कोळसा आणि जुने वर्तमानपत्र, दुसऱ्यावर गेरू, हळद, निळ आणि चुन्याची निवळी, तिसऱ्यावर ओली काळी माती. कुठे बसायचं ते ज्याचं त्यानं निवडायचं. ब्रश नव्हते, काड्यांची टोकं ठेचून केले. काढण्याआधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा: काल घरी काय झालं? मग हळूहळू गोष्टी यायला लागल्या. विहिरीत पडलेली शेळी आली. आजीचं ऑपरेशन आलं, टाक्यांसकट. एका पोरानं तासभर हळदीत निळ कालवून हिरवा केला आणि कागदाला हातच लावला नाही. त्याला मी काही म्हटलं नाही. दुसऱ्यानं घर काढलं आणि भिंतीतून आतली सगळी माणसं दाखवली, चुलीवरचं भांडंसुद्धा. पूर्वी मी म्हटलं असतं, भिंतीतून दिसतं का रे? पण सहा-सात वर्षांचं मूल डोळ्यांना दिसतं ते नव्हे, आपल्याला माहीत आहे ते काढतं. नऊ-दहाव्या वर्षी तेच मूल दुसऱ्याच्या चित्राकडे पाहून म्हणायला लागतं, 'मला येत नाही.' ते वय यायच्या आधीच आपण लाल शाई घेऊन बसलो, तर पुढे ते कागदच हातात घेत नाही.

'हे काय आहे?' असं विचारणंही मी सोडलं. 'मला याच्याबद्दल सांग' म्हणायचं. एवढ्या फरकानं पोरं बोलायला लागतात, घरी करून पाहा.

कोणी विचारेल, बाई, पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, दहावीला त्याचे गुण मिळतात, तिथे स्थिरचित्र लागतं, भूमिती लागते. लागतं ना. शिकवावं, नीट शिकवावं, पण ते सातवी-आठवीत. तिसरीतल्या पोराला त्याची घाई कशाला?

आता आपल्या घरचं बोलते. तान्ह्या पोळ्याला आपल्या ओपन स्पेसवर पोरं लाकडी बैल घेऊन येतात. बैल कोण सजवतं? रात्री बारापर्यंत आया आणि मामा. पोरगं सकाळी फक्त दोरी धरतं. मागच्या वर्षी पहिलं बक्षीस ज्या बैलाला मिळालं त्याच्या मालकानं मला सांगितलं, "आजी, मले हात लावू नाही दिला." २६ जानेवारीच्या चित्रकला स्पर्धेत विषय 'पर्यावरण वाचवा', आणि प्रत्येक पोरामागे एक आई वाकून उभी, "अरे, झाडाला हिरवा दे." त्यात माझी सूनही होती, म्हणून कोणी रागावू नका.

आता मागणं. रौप्यमहोत्सवानिमित्त समाजभवनाच्या मागच्या भिंतीवर पेंटरकडून चित्र काढून घ्यायचं ठरलं आहे. कोटेशन आलं आहे, नमुनाही आला आहे. मी तो पाहिला. दोन डोंगर आहेत, बाप्पा! मधून सूर्य, धबधबा आणि नारळ.

अध्यक्ष साहेब, पेंटरला समोरची भिंत द्या, माझी हरकत नाही. मागची भिंत लेकरांना द्या. जमिनीपासून त्यांचा हात पुरेल तेवढीच. विषय नको, परीक्षक नको, बक्षीस नको, खाली देणगीदाराचं नाव नको. भिंत चांगली दिसणार नाही, ही शक्यता मी मान्य करते. पाहुणे विचारतील, हे काय आहे? त्यांना लेकरांकडे पाठवू. दोन पावसाळ्यांत रंग उडाला तर चुना मारून त्या वेळच्या लहान पोरांना ती पुन्हा द्यायची.

खर्च फारसा नाही. गेरू, पिवळी माती आणि निळ मी आणते. चुना बांधकामवाल्या भाऊंनी द्यावा, त्यांच्याकडे पडून आहे हे मला माहीत आहे. जुने शर्ट घालून यायचं. समितीनं हो म्हटलं तर येत्या रविवारी सकाळी आठ वाजता. आणि आईबाबांनी तेवढा वेळ माझ्या अंगणात बसायचं आहे, चहा मी करीन. तिथून मागची भिंत दिसत नाही, हे मी आधीच पाहून ठेवलं आहे.