दिसायला एक, आवाजाला दोन

विश्रामबागेत दिवेलागणीला दिव्यांभोवती किडे टिपत गिरक्या घेणाऱ्या पाकोळ्या मी रोज पाहतो. युरोपातही अशीच, जेमतेम पाच ग्रॅमची पाकोळी घरांच्या फटींत राहते. ती दीर्घकाळ एकच जात मानली गेली. १९९०च्या दशकात ध्वनियंत्रांतून कळले, की काहींची साद ४५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, तर काहींची ५५च्या. आपला कान जेमतेम २०पर्यंतच ऐकतो! १९९७मध्ये डीएनएनेही या दोन जाती असल्याचे दाखवले. त्यांतली दुसरी मुख्यतः पाणवठ्याकाठी शिकार करते. काठ उजाड झाला तर तिचीच उपासमार आधी. आपल्याकडेही दिसायला सारख्या, मापांतही एकमेकींत मिसळणाऱ्या दोन छोट्या पाकोळ्या आहेत. म्हणून छपराची फट लिंपण्यापूर्वी संध्याकाळी तिथून कोण बाहेर पडते, ते जरूर पाहा.