तीस नंबरचं बटण

(रहिमतपूर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, चार ठिकाणी नीट करून.)



मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. ती शेवटी वाचीन, वेळ उरला तर. रहिमतपूरला लिहिणारा माणूस काही नवा नाही. नाटककार वसंत कानेटकर १९२० साली ह्याच गावात जन्मले, आणि त्यांचे वडील म्हणजे कवी गिरीश. पण लॅशिंगच्या टोळीतला कवी गावानं अजून बघितला नसंल, म्हणून बघायला तरी आलात. बरं झालं.

आज बोलणार आहे ते दहा-बारा ओळींबद्दल. कवितेच्या नाहीत. कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांच्या.

मी मॅट्रिक. इंग्रजीत पस्तीस. गोदीत जहाजावर कंटेनर बांधायचं काम करतो. लोखंडी रॉड कंटेनरच्या कोपऱ्यात अडकवायचा, खाली टर्नबकल आवळायचा, बारा तास. दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातनं लॅपटॉप घेतला, दोन जीबी मेमरीचा. कविता वहीत लिहीत होतो, पण खोलीत आम्ही सातजण, वही कुणाच्याही उशाखाली सापडायची. घरी आणून उघडला, तर त्याचं ते टचपॅड माझं बोट ओळखंना. रॉड ओढून बोटाचं कातडं असं राठ झालंय की त्याला माणसाचा स्पर्शच वाटत नाही. म्हणलं, घ्या, ह्यालाही आपला स्पर्श चालत नाही! हसा हसा. मीपण हसलोच होतो. माउस घ्यायला त्या आठवड्यात पैसे नव्हते.

तवा एका दोस्तानं त्यात लिनक्स घालून दिलं आणि वर ‘आय थ्री’ नावाचा विंडो मॅनेजर बसवला. विंडो मॅनेजर म्हणजे काय? पडद्यावर कुठली खिडकी कुठं, केवढी, कुणाच्या शेजारी, हे ठरवणारा प्रोग्रॅम. तो कॉम्प्युटरचा आत्मा वगैरे काही नाही, मुकादम आहे. आणि हा मुकादम बदलता येतो. विंडोज वापरणाऱ्याला हे कुणी सांगतच नाही.

आता बघा. आपण सगळे ‘डेस्कटॉप’ म्हणतो. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग. झेरॉक्स कंपनीनं १९८१ साली ‘स्टार’ नावाचं यंत्र विकायला काढलं. त्याच्या पडद्यावर साहेबाच्या ऑफिसातलंच सगळं मांडलं होतं : कागद, फायली, कपाटाचे खण, टपालाचा ट्रे. ज्याला आयुष्यभर टेबल होतं त्यानं ते केलं, त्याच्यासारख्याच दुसऱ्यासाठी. टेबलावर कागदावर कागद पडतो. खालचा शोधायला वरचा हलवावा लागतो, आणि हलवायला माउस.

माझ्या बापाच्या घरात टेबल नव्हतं. मला टेबल कळत नाही. मला यार्ड कळतं. यार्डात कंटेनर एकमेकावर तिरके पडत नाहीत. जहाजावर प्रत्येक पेटीला सहा आकडी पत्ता असतो. पहिले दोन आकडे बे, मधले दोन रो, शेवटचे दोन टियर. पत्ता वाचला की आंधळासुद्धा जागेवर पोचंल.

टायलिंग विंडो मॅनेजर तसाच. फरशी बसवल्यासारखा. एक खिडकी उघडली तर ती अख्खा पडदा घेते. दुसरी आली की अर्धा-अर्धा. तिसरी आली की पुन्हा वाटणी. कुणी कुणाच्या अंगावर नाही आणि मोकळी जागा वाया नाही. ही काही आजची युक्ती नाही. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजमध्येही खिडक्या अशाच शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकीवर चढणं दोन वर्षांनी आलं. आय थ्री २००९ साली मिशाएल श्टापेलबेर्ग ह्या जर्मन प्रोग्रॅमरनं सुरू केला. आणि खिडकी ज्या चौकटीत बसते तिला त्याच्या माहितीपुस्तकात काय म्हणतात? कंटेनर! मी ते वाचलं आणि रात्री दोन वाजता खोलीत एकटाच ओरडलो. सहाजणांनी शिव्या घातल्या.

ह्या आय थ्रीची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेली असते. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायचं, कुठल्या खिडकीनं कुठं जायचं, सगळं. कुणी कुठं बसायचं हे कुणीतरी कुठंतरी लिहूनच ठेवलेलं असतं. गावात ते कुठं लिहिलंय ते दिसत नाही, म्हणून लोक त्याला देवाची करणी म्हणतात. इथं फाईल उघडता येते, वाचता येते, खोडता येते.

फाईल पुरली नाही की स्क्रिप्ट लिहायची. शेल म्हणजे हुकूम वाचणारा. आपण टाइप करतो, तो ओळीनं करत जातो. बेल लॅब्समध्ये युनिक्स जन्मलं तिथलं हे. स्टीफन बॉर्नचं शेल १९७९ साली बाहेर पडलं, आजही आपण बरंचसं त्याच्याच भाषेत लिहितो. त्याच्या आधी, १९७३ साली, डग मॅकिलरॉयच्या आग्रहानं केन थॉम्प्सननं त्यात ‘पाइप’ घातला. एक उभी रेघ. रेघेच्या अलीकडच्यानं जे काढलं ते पलीकडच्याच्या हातात. पोती उतरवताना माणसांची साखळी उभी करतात ना, तशी. ‘ग्रेप’ ओळी निवडतो, पुढं ढकलतो. ‘डब्ल्यूसी’ त्या मोजतो. एकेकट्याला एवढंसंच काम येतं.

माझी पहिली स्क्रिप्ट कवितेची. एक बटण दाबलं की तिसऱ्या जागेवर जायचं, डावीकडं कवितेची फाईल, उजवीकडं एक तृतीयांशात शब्दांची यादी. सोपं वाटतं. पण खिडकी उघडायला हुकूम दिला आणि लगेच ‘आता हिला बारीक कर’ म्हणलं, तर खिडकी अजून आलेलीच नसते. बारीक होते ती दुसरीच. कंटेनर टेकायच्या आधी ट्विस्टलॉक फिरवल्यासारखं. मधे ‘स्लीप १’, एक सेकंद दम धर, असं लिहिलं तवा जमलं.

मग हौस आली. कविता उघडली की कीबोर्ड आपोआप मराठी व्हावा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड १९९१ पासून भारतीय मानकात आहे, लिनक्समध्ये तो तयारच असतो. एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. झालं मराठी! दोन कडवी लिहिली. मग दुसऱ्या खिडकीत जायला गेलो, तर कुठलंच बटण चालेना. का? मी हुकूम बांधले होते इंग्रजी अक्षरांना, आणि कीबोर्डावर आता इंग्रजी अक्षरच शिल्लक नव्हतं. एंटरनं टर्मिनल तेवढं उघडलं. पण परत इंग्रजी कर हा हुकूम लिहायला इंग्रजी अक्षर हवं! मराठी बोललो म्हणून घराबाहेर. शेवटी बटण दाबून धरून लॅपटॉप मारला. दोन कडवी गेली.

चार रात्री ह्यात घालवल्या. उत्तर सापडलं ते असं. प्रत्येक बटणाला यंत्राच्या आत एक नंबर असतो. आय थ्रीला अक्षर सांगण्याऐवजी नंबर सांगता येतो. नंबराला भाषा नाही. इन्स्क्रिप्टमध्ये जिथं ‘ह’ येतो तिथं इंग्रजीत ‘यू’ आहे, नंबर तीस. खिडकीचं चिन्ह असलेलं बटण अधिक तीस, मग कीबोर्ड मराठी असो नाहीतर इंग्रजी. (दोन्ही कीबोर्ड एकदम लावून इंग्रजी पहिला ठेवला तरी हुकूम चालतात. हे मला नंतर कळलं.) आणि दुसरी गोष्ट, स्क्रिप्टच्या फायलीचं नाव देवनागरीत ठेवता येतं. मी ‘इंग्रजी’ नावाची एक स्क्रिप्ट केली. कीबोर्ड मराठीत अडकला तर टर्मिनलात मराठीतच ‘इंग्रजी’ लिहायचं आणि एंटर. सुटका. टर्मिनलात जोडाक्षर मोडकं दिसतं, पण हुकूम पाळला जातो.

तीस नंबरवर मी ‘हजेरी’ बांधली. आता मुद्द्याचं.

आमच्या ठेकेदाराची चिठ्ठी महिन्याला येते. अमुक इतक्या पाळ्या भरल्या. दरवेळी दोन-तीन कमी. भांडायला जावं तर, ‘तुझ्याकडं काय लिहिलंय?’ हजेरी घेणारा कायम दुसरा. म्हणून ही स्क्रिप्ट. पाळी संपवून आलो की तीस नंबर दाबायचा. ती आजची तारीख एका फायलीत नवी ओळ म्हणून जोडते. पडद्याच्या तळाला आय थ्रीची पट्टी असते. दुसरी एक स्क्रिप्ट दर मिनिटाला त्या महिन्याच्या ओळी मोजून पट्टीवर आकडा टाकते. इंग्रजी आकड्याचा मराठी आकडा करायला ‘सेड’ची एक ओळ. ‘हजेरी १९’. कविता लिहिताना खाली तो आकडा दिसत राहतो.

एकोणीसच्या रात्री काय झालं ऐका. रात्रपाळी करून आलो होतो. म्हणलं तारखेबरोबर जहाजाचं नावपण लिहावं. ओळ बदलली. शेलमध्ये दोन बाण काढले की मजकूर फायलीच्या शेवटी जोडला जातो. एकच बाण काढला की आधीचं सगळं पुसून नवं लिहिलं जातं. मी झोपेत एक बाण काढला. तीस नंबर दाबला. पट्टीवर आलं : ‘हजेरी १’.

एकोणीस दिवस. विचारलंसुद्धा नाही त्यानं. कशाला विचारंल? हुकूम माझाच होता. त्या महिन्याची चिठ्ठी आली तशी गुमान घेतली. आता स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत ‘सेट’, वजा, मोठा ‘सी’ लिहिलेलं असतं. मग एका बाणाला असलेली फाईल पुसता येत नाही. आणि बदल करायच्या आधी फायलीची नक्कल.

पुढच्या महिन्यात पट्टीवर चोवीस, चिठ्ठीत बावीस. फाईल छापून नेली. मुन्शी म्हणाला, ‘असं कुणीबी लिहील.’ खरं सांगतो, त्याचं बरोबर होतं. माझ्या यंत्रात मी लिहिलेला माझाच शब्द. परत आलो आणि टोळीतल्या चौघांना खोलीवर बोलावलं. त्यातले आमचे नाना अंगठेबहाद्दर. ते आकडे बोलले, मी टाइप केले. प्रत्येकाची वेगळी फाईल. स्क्रिप्टला चार ओळी वाढवल्या : पाचही फायली उघड, ज्या तारखेला ज्या जहाजावर तीनपेक्षा जास्त नावं आहेत ती ओळ वेगळी काढ. दोन्ही वादाच्या तारखा निघाल्या. पाचच्या पाच नावं.

एक पाळी मिळाली. दुसरी ‘पुढच्या महिन्यात बघू’. तो पुढचा महिना होऊन आता दोन महिने झालेत.

नाना आता पाळी सुटली की आधी माझ्या खोलीवर येतात, हातपाय न धुता, आणि पट्टीवरचं स्वतःचं नाव बघतात. वाचता येत नाही, पण पट्टीवर तिसरं त्यांचं आहे हे माहीत आहे. परवा म्हणाले, ‘पोरा, माझ्या नावाचा पहिला अक्षर कुठला ते दाव.’ न चं बटण दाखवलं.

लॅपटॉप मी बरोबर आणलाय. बॅटरी अर्धा तास टिकते, वायर लांब आहे. ज्यांनी पेनड्राइव्ह आणलाय त्यांना सगळ्या स्क्रिप्ट देतो. ज्यांचं बोट टचपॅड ओळखत नाही त्यांनी आधी पुढं या.