ठासणीची बंदूक

कल्याण सोडून रेल्वे कर्जतच्या बाजूस वळली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन नगरें एकामागून एक लागतात. गाडींतून पाहणारास एक केव्हां संपलें आणि दुसरें केव्हां लागलें हें कळूं नये, इतकी वस्ती आतां दाट झाली आहे. पहिलें नगर जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं वसविलें; दुसऱ्यांत संरक्षण खात्याचा कारखाना आहे; तिसऱ्याच्या पाठीशीं बारवी धरणाभोंवतालचें रान अजून उभें आहे. रानाच्या कडेला भाताचीं खाचरें आहेत, आणि जेथें रानाला लागून भात, तेथें रानडुक्कर हें ठरलेलेंच.

दाणा भरूं लागला कीं डुकरांचा कळप एका रात्रींत खाचर लोळवून जातो. शेतकरी माळ्यावर बसून जागतो, डबा बडवितो, आगटी पेटवितो. चार दिवसांनीं डुकरें त्या डब्याला सरावतात. मग त्याच्या मनांत बंदूक येते. शहरांतल्या एखाद्या हौशी तरुणाच्या मनांतही ती येते, पण निराळ्या कारणानें : सुटीच्या दिवशीं शिकार करावी, चार मित्रांत सांगावें. दोघांनाही हवी असते ती स्वल्प किंमतीची, आणि स्वल्प किंमतीची म्हणजे ठासणीची. हौशी तरुणाला येथेंच थांबविणें बरें. वन्य जीव संरक्षण कायदा १९७२ सालीं झाला, १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला कसलाही परवाना उरला नाहीं, आणि त्याची शिकार हा सरळ गुन्हा ठरतो. राहतां राहिला शेतकरी. पुढील विवेचन त्याच्यासाठीं, आणि त्याच्या शेजारीं राहणाऱ्यांसाठीं.

ठासणीच्या बंदुकीची रचना दिसावयास सोपी आहे. नळीच्या तोंडांतून मोजून दारू ओतावयाची, तिच्यावर बोळा, बोळ्यावर छर्रे किंवा गोळी, वर पुन्हां बोळा, आणि हें सारें गजानें ठासून तळाशीं बसवावयाचें. नळीच्या मागच्या बोंडावर तांब्याची टोपी असते. चाप ओढला कीं घोडा तिच्यावर आदळतो आणि ठिणगी बारीक छिद्रांतून आंत शिरते. काडतुसाच्या बंदुकींत दारू किती घालावी हें कारखान्यानें ठरविलेलें असतें. येथें तें प्रत्येक बाराला उडविणारा ठरवितो, तोही बहुधा अंधारांत आणि भांबावलेल्या मनानें. ह्या बंदुकीचे पुष्कळसे अपघात ह्या एका गोष्टींतून निघतात.

एकाच नळींत दोनदां बार भरला जाणें, ही त्यांतली सर्वांत सामान्य चूक. टोपी वाजते, पण आंतली दारू पेटत नाहीं. गडबडींत माणसाला बार गेला असेंच वाटतें आणि तो पहिल्यावर दुसरा ठासतो. हें अडाण्याचें काम म्हणून हसण्यासारखें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत १८६३ सालीं गेटिसबर्ग येथें लढाई झाली. तिच्यानंतर रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारें २७,००० बंदुकांपैकीं सुमारें २४,००० भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार होते. एकींत तर तेवीस सांपडले. ते कवायत शिकलेले शिपाई होते. माळ्यावर एकटा बसलेला माणूस त्यांच्याहून अधिक सावध राहील, असें मानावयास आधार नाहीं. ह्यावर उपाय जुना आहे आणि फुकटाचा आहे : रिकाम्या नळींत गज घालून तोंडाशीं एक खूण करावी, भरलेल्या नळींत घालून दुसरी. खूण वर राहिली तर आंत कांहींतरी आहे.

दुसरी चूक ह्याच्या उलट. गोळी दारूपर्यंत न पोंचतां मध्येंच अडकते आणि दोहोंमध्यें पोकळी राहते. अशा स्थितींत बार उडविला तर त्या जागीं नळी फुगते किंवा फाटते. आणि डावा हात नेमका नळीलाच धरलेला असतो. तिसरी चूक अज्ञानाची. ठासणीची नळी काळ्या दारूसाठीं केलेली असते. काडतुसें फोडून काढलेली बिनधुराची दारू तींत घातली तर नळीवर किती तरी पट अधिक दाब येतो, आणि साधी नळी तो सोशीत नाहीं. धूर कमी म्हणून दारू सौम्य, हा तर्क घातक आहे.

टोपी वाजूनही बार न उडाला, तर बंदूक तशीच निशाणाकडे रोखून निदान एक मिनिट धरून ठेवावी. आंत ठिणगी धुमसत असली तर बार उशिरा उडतो, आणि त्या वेळीं नळींत डोकावून पाहणारे लोक असतात, हें दुर्दैव आहे.

आतां नळीचा विचार. मान्य कारखान्यांत प्रत्येक नळीची नेहमीपेक्षां जास्त दारूनें परीक्षा करतात, आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. चोरून बनविलेल्या बंदुकीची नळी कधीं पाण्याच्या नळाची असते. ती पाण्याचा दाब सोसण्यासाठीं जन्मलेली. तिच्याकडून दारूचा दाब सोसण्याची अपेक्षा करणें अन्याय आहे. शिवाय विनापरवाना बंदूक बनविणारा व बाळगणारा दोघेही कठोर शिक्षेस पात्र होतात. चांगली नळीही निगा नसेल तर वाईट होते. काळ्या दारूची काजळी ओलावा ओढून घेते. कोंकणाच्या हवेंत रात्रभर न धुतलेली नळी आंतून गंजूं लागते. बार उडविल्याच्या दिवशींच ऊन पाण्यानें धुवून, कोरडी करून, तेलाचें बोट फिरविलें पाहिजे.

निशाण कां चुकतें, ह्याचा उलगडा बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालच्या ग्रंथांत केला. गुळगुळीत नळींत गोळी सैल असते. ती बाजूंना आपटत बाहेर पडते आणि स्वतःभोंवतीं कशीही गरगरते. ही गरगर तिला हवेंत वांकडी नेते. त्यानें मुद्दाम नळीचें तोंड डावीकडे वांकवून गोळी झाडली, तेव्हां ती प्रथम डावीकडे निघून पुढें उजवीकडे वळली. ह्यावर तोड म्हणजे नळीच्या आंत पीळदार खांचा पाडणें, म्हणजेच रायफल. १८५३ सालची एन्फील्ड ठासणीचीच होती, पण तिच्या नळीला पीळ होता, म्हणून ती कित्येक शें वारांवर नेम साधी. (तिच्या काडतुसांनीं १८५७ सालीं हिंदुस्थानांत काय घडविलें, तें सर्वश्रुत आहे.) दोष तोंडांतून भरण्यांत नाहीं, गुळगुळीत नळींत आहे. अमेरिकेंत आजही ठासणीच्या रायफलींचा वेगळा हंगाम असतो, आणि तेथें नवशिक्याला पहिला धडा असा देतात कीं आपली बंदूक कोणत्या मापाच्या दारूनें कागदावर एकाच जागीं मारते, तें आधीं पाहावें. आपल्याकडील गुळगुळीत नळीच्या मालकानें तर हें अधिकच करावें. सुरक्षित बांधाकडे तोंड करून २५ वारांवर, मग ५० वारांवर कागद टांगावा. पुष्कळांची खात्री ५० वारांवर मोडेल, आणि तेंच हवें आहे. त्या पलीकडून सोडलेला बार डुकराला मारीत नाहीं, जखमी करतो. आणि जखमी डुक्कर सकाळीं गवत कापावयास आलेल्या बाईवर धांवतें.

पण सारीं मापें बरोबर असूनही एक गोष्ट उरते. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यांत मनोरजवळ बोरशेतीच्या रानांत गांवकऱ्यांची टोळी डुकराच्या शिकारीस गेली. त्यांतल्या एकानें झाडींत हललेली आकृति डुक्कर समजून गोळी झाडली. तो त्यांचाच सोबती होता. तो मेला, आणि भ्यालेल्या सोबत्यांनीं प्रेत रानांत लपविलें. तेथें नेम चुकला नव्हता. जनावर डोळ्यांनीं ओळखल्याविना, आणि त्याच्या मागें काय आहे हें पाहिल्याविना चाप ओढूं नये, हा नियम म्हणूनच दारूच्या मापाच्याही आधीं शिकवावा लागतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते, आणि परवानाधारकांपैकीं अनेकांना हें ठाऊक नसतें. दक्षिण कोंकणांत असे परवाने पुष्कळ आहेत. निवडणूक लागली कीं तेथील बंदुका पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात. २०२४ सालीं विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरांत आली, म्हणजे भात कापणीच्या ऐन दिवसांत. आणि बंदूक ठाण्यांत ठेवून आलेला शेतकरी रात्रीं माळ्यावर पुन्हां डबाच बडवीत बसला.