पाटीमागची तारीख

श्रोतेहो, ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" कांगारू पाहिले, झाडाच्या बेचक्यात झोपलेले कोआला पाहिले, समुद्र तर रोजच पाहिला. पण आज मी सांगणार आहे ते तिथल्या पाट्यांविषयी. रस्त्याकडेला, किनाऱ्यावर आणि तंबू ठोकायच्या मैदानावर लावलेल्या साध्यासुध्या सूचनांच्या पाट्या!

आमची लेक मेलबर्नला असते. फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, तिची गाडी आणि तिचाच तंबू घेऊन आम्ही दोघं 'ग्रेट ओशन रोड'ला निघालो. माझं वय ५८, यांचं ६३. "या वयात तंबू?" असं लेक म्हणाली खरी, पण दोन जाड गाद्या, गॅसची शेगडी आणि पोह्यांचा डबा तिनंच गाडीत भरून दिला. तिथेही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालवतात, त्यामुळे यांना काही जड गेलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली, की हळू जाणाऱ्यानं कडेच्या मोकळ्या जागेत थांबून इतरांना वाट द्यावी, अशी पाटी मात्र दर थोड्या अंतरावर दिसे. हे निमूटपणे थांबत. पुण्यात थांबले नसते!

हा रस्ता टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत सुमारे २४३ किलोमीटरचा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी तो बांधला. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९३२ मध्ये पूर्ण झालं. कुदळी, फावडी, सुरुंग आणि घोड्यांच्या गाड्या एवढ्यावर त्यांनी समुद्रावरचे कडे फोडले. युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून हा रस्ता बांधला गेला. ईस्टर्न व्ह्यू इथे त्याची कमान आहे. आज दिसते ती कमान १९८३ नंतरची. आधीची वणव्यात जळून गेली. १६ फेब्रुवारी १९८३ च्या त्या वणव्यांनी व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसांचा बळी घेतला.

आमचा तंबू होता वाय रिव्हर या छोट्या गावात. पुढे समुद्र, मागे निलगिरीच्या जातीच्या झाडांचं दाट जंगल. पहिली संध्याकाळ फार सुखाची गेली. शेजारच्या तंबूतली मुलं आमच्या पोह्यांकडे कुतूहलानं बघत होती, त्यांनाही वाढले. तेवढ्यात मैदानावरच्या फलकावर दुसऱ्या दिवसाची सूचना लागली. वणव्याचा धोका 'एक्स्ट्रीम', उघड्यावर कुठलीही आग पेटवायला संपूर्ण बंदी. तिथे धोक्याच्या चार पायऱ्या आहेत, ही वरून दुसरी. अशा दिवशी जंगलालगत राहूच नये, वेळेत निघून जावं, असा अग्निशमन दलाचा सल्ला असतो.

आभाळ निरभ्र, धुराचा मागमूस नाही. हे म्हणाले, "अगं, दोन रात्रींचे पैसे भरलेत. समुद्र तर समोर आहे!" मी म्हटलं, "अहो, पैसे भरले म्हणून वणवा थांबणार आहे का?" आमचं हे चाललेलं असताना शेजारच्या वयस्क बाई चहाचा मग घेऊन आल्या. त्यांचं घर याच गावात होतं. २०१५ च्या नाताळच्या दिवशी वणवा इथवर आला आणि वाय रिव्हर व शेजारचं सेपरेशन क्रीक मिळून ११६ घरं जळाली. त्यांचंही त्यातच गेलं. पण माणूस एकही दगावला नाही, कारण सांगितल्याबरोबर सगळे निघाले होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात ना रडगाणं होतं, ना फुशारकी. त्यांनी स्वतःचा तंबू आवरायला घेतला होता, एवढंच.

मग हेही उठले. उत्तरेकडून, वाळवंटी भागातून येणारा गरम वारा आग किनाऱ्याकडे रेटतो. नंतर वारा नैर्ऋत्येकडे फिरला, की आगीची लांबच लांब कड एकदम तिचं तोंड होते आणि पुढे धावत सुटते. १९८३ ला असंच घडलं होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, अशा रस्त्यावर आयत्या वेळी पळणार कुठे? रात्री कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून उजाडल्यावर निघायचं ठरलं. सातच्या आत तंबू गुंडाळून आम्ही जिलाँग शहर गाठलं. त्या दिवशी वाय रिव्हरला काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी गारवा आल्यावर आम्ही परत फिरलो. "उगाच पळालो," असं हे एकदाही म्हणाले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग पुढच्या प्रवासात प्रत्येक पाटी मी नीट वाचू लागले. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. कारण झेंड्यांमधल्या भागावर जीवरक्षकांची नजर असते. बाहेरचं शांत दिसणारं पाणी कधीकधी माणसाला आत ओढून नेतं. पोर्ट कॅम्बेलजवळ १ जून १८७८ रोजी 'लॉक आर्ड' नावाचं जहाज बुडालं. ५४ जणांपैकी टॉम पिअर्स आणि इव्हा कारमायकल हे दोघंच वाचले. कड्याच्या टोकाला जाऊ नका, ही आणखी एक पाटी. तिथला दगड चुनखडीचा, लाटा तो सतत पोखरतात. 'लंडन ब्रिज' नावाची नैसर्गिक कमान १५ जानेवारी १९९० रोजी अचानक कोसळली. पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. जगप्रसिद्ध 'ट्वेल्व्ह अपॉसल्स'मधला एक सुळकाही जुलै २००५ मध्ये असाच ढासळला.

श्रोतेहो, पाट्या आपल्याकडेही आहेत. कोकणात ऐन पावसाळ्यात समुद्रात उतरू नका, असं लिहिलेलं असतं. त्याच पाटीला टॉवेल अडकवून मंडळी पाण्यात शिरतात आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरी दुःखाचा निरोप जातो. आपल्याला पाटी म्हणजे कुणीतरी वरून दिलेला दम वाटतो. वाय रिव्हरच्या त्या बाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी तो आधी होरपळलेल्या शेजाऱ्यानं ठेवलेला निरोप होता.

प्रत्येक पाटीमागे एखादी तारीख असते आणि कुणाचं तरी घर किंवा जीव गेलेला असतो. पाटी वाचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं थांबलं, तर पुढचा प्रवास निवांत होतो.