पॅलेट उलटं करून बघा

आजचा विषय रुक्ष वाटेल, पण तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यात गोडाऊनला कामाला असाल तर तो तुमच्या डोक्यावरचा आहे. अक्षरशः डोक्यावरचा. प्लास्टिकचं पॅलेट.

तुर्भे स्टेशनच्या एका बाजूला एपीएमसी. तिथे अजून बरंच काम गोणी आणि माथाडीच्या पाठीवर चालतं. दुसऱ्या बाजूला एमआयडीसी, तिथे माल पॅलेटवर चढतो आणि फोर्कलिफ्ट उचलते. पुरुष कामगारानं 55 किलोंच्या वर ओझं उचलू नये, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 1967 ची शिफारस आहे. पॅलेटवर एका वेळी टनभर जातं. पाठ वाचते, हे चांगलंच. पण तोच टन मग रॅकवर, तुमच्या डोक्याच्या वर जाऊन बसतो.

आता पॅलेट घेताना माहितीपत्रकात वजनाचे तीन आकडे दिसतात. स्टॅटिक म्हणजे पॅलेट सपाट जमिनीवर, जागेवर उभं असताना. हा आकडा सगळ्यात मोठा, म्हणून जाहिरातीत तोच ठळक. डायनॅमिक म्हणजे फोर्कलिफ्टच्या काट्यांवर असताना. हा कमी. आणि तिसरा रॅकिंग, सगळ्यात लहान. का? कारण रॅकमध्ये पॅलेट फक्त पुढच्या आणि मागच्या बीमवर टेकतं, मधला भाग अधांतरी. काही पॅलेट्सना तर तिसरा आकडा नसतोच. तिथे मोकळी जागा दिसली की समजा, हे रॅकसाठी नाही.

‘स्टॅकेबल’ या शब्दावर विसंबू नका. एकावर एक थप्पी लागते, एवढाच त्याचा अर्थ. रॅकवर चालेलच असं नाही. म्हणून पॅलेट उलटं करून बघा. खाली नऊ पाय असतील तर रिकामी पॅलेट्स एकमेकांत बसतात, परतीच्या गाडीत जागा वाचते. पण भरलेल्या पॅलेटवर तसलंच दुसरं ठेवलंत तर पाय खालच्या खोक्यांत रुततात. खाली लांब पट्ट्या असतील तर वजन पसरतं. रॅकवरच्या जड मालासाठी काहींच्या आत लोखंडी पाइपही घातलेले असतात.

आणि एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. प्लास्टिक वजनाखाली हळूहळू वाकत जातं, उष्णतेत जास्त. सकाळी सरळ दिसलेलं पॅलेट मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या कप्प्यात महिनाभर भरलेलं राहिलं तर मध्ये पोट सुटतं. कोल्ड स्टोरेजचं उलट. तिथे साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, एचडीपीई बरं टिकतं.

मग लाकूड का नको? देशातल्या देशात चालतंच की, मोडलं तर खिळा ठोकता येतो. प्लास्टिकला ती सोय नाही. पण न्हावा-शेवाहून माल बाहेर पाठवायचा तर लाकडाला आयएसपीएम 15 हा नियम लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवायचं, नाहीतर नियमात बसणारी दुसरी प्रक्रिया करायची, मग शिक्का मारायचा. कारण लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये. प्लास्टिकला हा नियम लागू नाही. आपल्या पावसात ते ओल धरत नाही, बुरशी नाही, हाही फायदा.

फक्त माप आधी बघा. 1200 बाय 1000 ची दोन पॅलेट्स लांब बाजूनं शेजारी ठेवली तर होतात 2400 मिलिमीटर, आणि कंटेनरची आतली रुंदी साधारण 2350. बसत नाहीत! एक फिरवून ठेवावं लागतं. गाडी दारात उभी असताना हे लक्षात आलं तर काय होतं, ते तुम्हाला माहितीय.

जुनी पॅलेट्स घेणार असाल तर कोपरे आणि खालच्या पट्ट्या बघा. निळ्या किंवा काळ्या प्लास्टिकवर पांढुरका पट्टा उमटला असेल तर तिथे ते ताणलं गेलंय. ते जमिनीवर वापरा. रॅकवर नको.